वाचकांचे प्रश्न : भाचीचे कान, भाचीचं हृदय आणि पोटॅशियमचा चावीवाला

या वेळी पत्रं तीनच घेतलीयत. पहिल्या पत्रानेच बरीचशी जागा खाल्ली, पण ते पत्र वाचलंत तर तुम्हीही म्हणाल की बरोबर केलं. तीनही पत्रं सोलापूरचीच निघाली हा योगायोग, माझं सासर तिकडचं म्हणून नाही.

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी सोलापूरचा, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. माझ्या बहिणीला आम्ही आत्याच्या घरीच दिली, सात वर्षं झाली, संसार चांगला चाललाय. मोठी पोरगी पाच वर्षांची, तिला जन्मापासून अजिबात ऐकू येत नाही, धाकटा पोरगा दीड वर्षाचा, त्याला सगळं ऐकू येतं. पोरगी गेल्या दीड वर्षात तीनदा पडली, एकदा गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यातून उतरल्या उतरल्या, एकदा पकडापकडी खेळताना आणि एकदा कुत्रं अंगावर आलं तेव्हा. आम्हाला फिट सांगितलं, वर्षभर फिटच्या गोळ्या दिल्या. आता कानात मशीन बसवायचं ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या मॅडमनी ईसीजी बघून ऑपरेशनच थांबवलं, क्यूटी लांब आहे म्हणाल्या, मग रक्त तपासायला पाठवलं, त्यात केसीएनई१ असं काहीतरी आलंय आणि दोन्ही कॉप्या खराब आहेत म्हणे. आत्या म्हणते बहीण गरोदरपणात लूमजवळ बसायची, त्या आवाजाने हे झालं. खरं काय ते सांगा. कानाचा आणि हृदयाचा संबंध काय? आणि अजून एक, माझं लग्न आत्याच्या धाकट्या मुलीशी ठरत आलंय, ते करावं का नाही?

उत्तर : पहिल्यांदा त्या भूलवाल्या मॅडमना एक साडी घ्या. गंमत नाही करत. जन्मतः ठार बहिरं लेकरू आणि पळताना, घाबरल्यावर धाडकन पडतंय, एवढ्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की ईसीजी काढायचा असतो, दहा मिनिटांचं काम आणि गल्लीतल्या दवाखान्यात होतं. तुमच्याकडे ते वर्षभर राहून गेलं. फिट आणि हे यातला फरक घरच्यांना सांगता येतो फक्त कुणी विचारलं पाहिजे. फिट येऊन गेल्यावर मूल बराच वेळ गुंगीत असतं, झोपतं, ओळखत नाही. हृदयामुळे पडलेलं मूल पांढरंफटक पडतं, मेंदूला रक्त पोचत नाही म्हणून हातपाय थोडे झटकलेही जातात आणि त्यामुळेच फिट वाटते, पण ठोके जाग्यावर आले की मिनिटाभरात उठून बसतं, आई म्हणून हाक मारतं, तुमच्या भाचीच्या बाबतीत हात पुढे करतं म्हणा. आणि पडण्याआधी काय चाललं होतं बघा, पाळणा, पळापळ, कुत्रं. तीनही वेळा छातीत धडधड वाढलेली. शांत झोपेत एकदाही नाही.

या आजाराचं नाव जरवेल आणि लांगे-नील्सन. नॉर्वेतल्या दोन डॉक्टरांनी १९५७ साली एका घराची हकीकत छापली, सहा भावंडं, त्यातली चार जन्मतः बहिरी, चौघांनाही अशाच चकरा, ईसीजीत क्यूटी लांब (क्यूटी म्हणजे काय ते पुढे सांगते) आणि चारातली तीन लेकरं अचानक गेली, चार, पाच आणि नऊ वर्षांची असताना. हे वाचून घाबरू नका असं मी म्हणणार नाही, थोडं घाबरलेलं बरं, कारण उपचार न मिळालेल्या मुलांमध्ये निम्म्याहून जास्त पंधरा वर्षांच्या आत जातात. पण उपचार आहेत, त्याकडे येतेच.

आता तुमचा केसीएनई१. हृदयाच्या पेशीला प्रत्येक ठोक्याला एकदा चार्ज व्हावं लागतं आणि मग पुढच्या ठोक्याआधी उतरावं लागतं, आणि हे उतरणं होतं पेशीतलं पोटॅशियम बाहेर सोडून. त्यासाठी पेशीच्या भिंतीत दारं असतात. त्यातल्या एका मुख्य दाराचा जीन, म्हणजे ते दार बनवायची कृती, केसीएनक्यू१, तो अकराव्या गुणसूत्रावर. तुमच्या रिपोर्टमधला केसीएनई१ हा दार नाहीच, तो दाराला चिकटून बसणारा मदतनीस, एकविसाव्या गुणसूत्रावरचा, अगदी चिमुकलं प्रोटीन, १२९ अमिनो आम्लांचं फक्त. सोलापूरकरांना नळाला पाणी सोडणारा चावीवाला किती मोठा माणूस असतो हे मी सांगायला नको. टाकी भरलेली आहे, पाईप धड आहे, पण चावी शेवटपर्यंत फिरवणारा माणूस आला नाही तर नळाला करंगळीएवढी धार. केसीएनई१ तेच करतो, त्याच्याविना दार पटकन उघडतं पण जेमतेम, तो बरोबर असला की दार सावकाश उघडतं पण नीट उघडतं आणि कितीतरी जास्त पोटॅशियम बाहेर पडतं.

हा मार्ग सगळ्यात जास्त कामाला येतो कधी तर आपण पळतो, घाबरतो, रडतो तेव्हा. ठोके वाढले की प्रत्येक ठोक्याला वेळ कमी मिळतो, मग पेशीला लवकर उतरावं लागतं. चावीवालाच नाही तर ती लवकर उतरत नाही, अर्धी चार्ज असतानाच पुढचा ठोका येऊन आदळतो आणि हृदय आकुंचन पावायच्या ऐवजी नुसतं थरथरतं. त्या वेळचा ईसीजी बघितला तर रेघ सुताला पीळ दिल्यासारखी दिसते, एकदा वर जाड एकदा खाली जाड. १९६६ साली एका फ्रेंच डॉक्टरने त्याला टोकांचा पीळ अशा अर्थाचंच नाव दिलंय, टॉर्साद द प्वाँत, तुम्ही कारखान्यात रोज सूत बघता म्हणून तुम्हाला ते चित्र लगेच कळेल.

पीळ आपोआप सुटला तर मूल उठून बसतं. नाही सुटला तर नाही.

क्यूटी म्हणजे त्या रेघेवर ठोका सुरू झाल्यापासून पेशी पूर्ण उतरेपर्यंतचं अंतर. ठोके जास्त असले की ते मुळातच कमी होतं, म्हणून बॅझेट नावाच्या माणसाने १९२० साली एक सूत्र काढलं, क्यूटीला दोन ठोक्यांमधल्या सेकंदांच्या वर्गमुळाने भागायचं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नाडी १००, क्यूटी ४१० मिलीसेकंद. नुसते ४१० दिसायला साधे वाटतात आणि इथेच लोक फसतात. नाडी १०० म्हणजे दोन ठोक्यांत ०.६ सेकंद, त्याचं वर्गमूळ ०.७७, भागून आलं ५३० च्या आसपास. ४६० च्या पुढे आम्ही भुवया उंचावतो, ५०० च्या पुढे खुर्चीतून उठतो.

आता कान. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली नळी असते, तिच्यात एक पाणी असतं आणि ते पाणी भलतंच वेगळं आहे. शरीरात पेशींच्या बाहेर सगळीकडे सोडियम जास्त पोटॅशियम कमी, या नळीत उलटं, पोटॅशियम ठासून भरलेलं. आवाज आला की ऐकणाऱ्या पेशींचे केस हलतात, पोटॅशियम आत घुसतं आणि मेंदूला निरोप जातो. हे पोटॅशियम त्या पाण्यात आणून टाकायचं काम नळीच्या भिंतीतल्या पेशी करतात, आणि त्यांचं दार तेच, केसीएनक्यू१, आणि चावीवालाही तोच. म्हणजे हृदयात तो पोटॅशियम सोडून पेशी शांत करतो आणि कानात तोच पोटॅशियम भरून कान चालू ठेवतो. तो नसला की पाणीच तयार होत नाही, नळी बसते, ऐकणाऱ्या पेशी मरतात. हे जन्माच्या आतच होऊन गेलेलं असतं. म्हणून लूमच्या आवाजाचा इथे काही संबंध नाही. लूमवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांचे कान जातात हे खरंय, ते तुमचे जातील, कानात बोळे घालत जा, पण पोटातल्या लेकराचं क्यूटी लूममुळे लांबत नाही. हे बहिणीला आधी सांगा, बाकी सगळं नंतर.

आत्याबाईंनाही सांगा पण जरा गोडीने, कारण हिशोब असा आहे. प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन कॉप्या असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. भाचीच्या दोन्ही कॉप्या खराब आणि दोन्हीत बिघाड अगदी तोच, म्हणजे तो बहुतेक एकाच माणसाकडून आलाय, तुमच्या आजोबांकडून किंवा आजीकडून. एक फांदी तुमच्या वडिलांतून बहिणीपर्यंत आली, दुसरी आत्यातून भावोजींपर्यंत. बहीण आणि भावोजी दोघांचीही एकेक कॉपी चांगली म्हणून दोघं ठणठणीत. एकाच कॉपीवर कान नीट चालतो, हृदयही बहुतेक वेळा चालतं. दोन्ही खराब कॉप्या एका लेकरात गाठ पडल्या की हे. यात कुणाची चूक शोधायची असेल तर कुणीतरी पणजोबा धरा, त्यांना आता काय बोलणार.

धाकट्याला ऐकू येतंय म्हणजे त्याच्या दोन्ही कॉप्या खराब नाहीत हे नक्की. एक खराब असण्याची शक्यता तीनात दोन. त्याचा, बहिणीचा, भावोजींचा, तुमचा, आत्याचा, सगळ्यांचा ईसीजी काढा. पुढचं मूल होऊ द्यायचं असेल तर प्रत्येक वेळी चारात एक असा धोका आहे, आणि प्रत्येक वेळी म्हणजे प्रत्येक वेळी, एकदा झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं, हे मला दर वेळी सांगावं लागतं.

आता तुमचं लग्न. मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्न करू नका असं सरसकट भाषण मी देत नाही, सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड तीनही घरांत ही नाती आहेत, काही घरांत तर सख्ख्या मामाला भाची देतात, आणि बहुतेकांची मुलं उत्तम असतात. पण तुमच्या घरात आता आजाराचं नाव माहितीये, पत्ता माहितीये. तुमची बहीण वाहक आहे, म्हणजे तिची एक कॉपी खराब आहे, म्हणून तुम्ही वाहक असण्याची शक्यता निम्मी. मुलीचा भाऊ वाहक, म्हणून तिचीही निम्मी. दोघं वाहक असाल तर मुलाला चारात एक. गुणाकार केला तर सोळात एक, चहाच्या टपरीवर बसून काढलेला आकडा म्हणून हा ठीक आहे, पण टपरीवर बसायचंच कशाला? बिघाड नेमका कुठे आहे हे भाचीच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय, तेवढी एक जागा तुमच्या आणि त्या मुलीच्या रक्तात तपासायची, सगळे जीन तपासण्यापेक्षा हे सोपं आणि बरंच स्वस्त. दोघांपैकी एक जरी वाहक नसला तरी या आजाराची काळजी संपली, मांडव घाला, मला पेढे पाठवा. दोघंही निघालात तर आधी जेनेटिक काउन्सेलरला भेटा आणि मग दोघांनी मिळून ठरवा, आत्याने आणि वडिलांनी नव्हे. रिपोर्ट त्या मुलीलाही वाचायला द्या, तिचंही लग्न आहे ते.

भाचीचं काय करायचं. बीटा ब्लॉकर नावाच्या गोळ्या, प्रोप्रॅनोलॉल किंवा नॅडोलॉल, हृदयाच्या डॉक्टरकडून डोस ठरवून, आणि एक दिवसही चुकवायच्या नाहीत, गावाला गेलो होतो, औषध संपलं होतं, पोरीने थुंकून टाकलं, काही चालत नाही. या आजारात नुसत्या गोळ्या सगळ्यांना पुरत नाहीत, मग मानेच्या खाली डाव्या बाजूच्या नसा कापायचं एक ऑपरेशन असतं किंवा छातीत शॉक देणारं छोटं यंत्र बसवतात, ते डॉक्टर ठरवतील. तुमच्यासाठी जरा बरी बातमी अशी की या आजाराच्या बहुतेक मुलांमध्ये केसीएनक्यू१ बिघडलेला असतो, केसीएनई१ वाली थोडी, साधारण दहात एक, आणि त्यांना त्यातल्या त्यात धोका कमी दिसलाय, मुलींनाही मुलांपेक्षा कमी, आणि पहिल्या वर्षात चक्कर आली नसेल तरीही कमी. तुमची भाची तीनही खात्यांत बसते. पण त्यातल्या त्यात कमी, एवढंच वाचा.

फिटच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरना सगळं दाखवून विचारून मग.

पोहणं बंद. मेच्या सुट्टीत पोरं विहिरीवर जातात, मोठी माणसं असली तरी हिला नको, कारण पाण्यात भोवळ आली तर ओरडणार कोण. पळायच्या शर्यती, मोठे पाळणे नकोत, गड्ड्यात भगरा-लाह्या खाऊ द्या, दारूकाम लांबून बघू द्या. शाळेत बाईंना लेखी द्या. घरातल्या दोघांनी तरी छाती दाबायचं शिकून घ्या, मिनिटाला १०० ते १२० वेळा, जोरात, आणि दुसऱ्याने १०८ लावायचा. पडली की तोंडावर पाणी मारत, कांदा हुंगवत बसू नका, कांद्याने हृदय सुरू झालेलं मी अजून बघितलं नाही.

आणि औषधं. ही सगळ्यात मोठी गोष्ट, कारण धोका मेडिकलच्या काउंटरवर उभा असतो. अझिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, उलटीचं ऑनडॅनसेट्रॉन, डॉम्पेरिडोन, बुरशीचं फ्लुकोनॅझोल, क्लोरोक्विन, ही क्यूटी आणखी लांबवतात. सर्दीच्या सिरपमधलं फेनिलएफ्रिन आणि धडधड वाढवणारं दम्याचं साल्ब्युटॅमॉल, हीही नकोत. घसा दुखला म्हणून चिठ्ठीशिवाय काही आणायचं नाही. एका कार्डावर आजाराचं नाव लिहून पोरीच्या दप्तरात आणि बहिणीच्या पर्समध्ये ठेवा. एक कॉपी खराब असलेल्या मोठ्या माणसांनीही, म्हणजे बहीण, भावोजी आणि निघालात तर तुम्ही, हे डॉक्टरला सांगायचं, ज्यांना एरवी काही होत नाही त्यांनाही अशा औषधांवर झटका बसू शकतो.

कानाचं ऑपरेशन रद्द झालेलं नाही, पुढे गेलंय. कानाची नस चांगली आहे, नळीतलं पाणी बिघडलंय, आणि मशीन त्या पाण्याला वळसा घालून थेट नसेला वीज देतं, म्हणून या मुलांना त्याचा चांगला उपयोग होतो. गोळ्या नीट बसल्या की हृदयाचे डॉक्टर हजर ठेवून करतात. फार लांबवूही नका, पाच वर्षांची आहे, बोलायला शिकायचं वय निघून चाललंय. मशीन पहिल्यांदा सुरू करतात त्या दिवशी पोरगी आवाजाने दचकेल, त्या दिवशीही गोळी दिलेली हवी.

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. पोटॅशियम चॅनेलचं रेग्युलेटरी सबयुनिट म्हणजे काय ते सरांनी एका ओळीत सांगितलं, कळलं नाही. जो स्वतः चॅनेल नाही त्याचा शोध कसा लागला?

उत्तर : वरचं उत्तर वाच, त्यातलं दार म्हणजे चॅनेल, आणि चावीवाला कळला की सबयुनिट कळलं. पण शोधाची गोष्ट भारी आहे ती सांगते. १९८८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी उंदराच्या किडनीतून निरोप देणारं आरएनए काढून बेडकाच्या अंड्यात टोचलं आणि अंड्यात सावकाश वाढणारा पोटॅशियमचा प्रवाह दिसला. कारण शोधत गेले तर हाती लागलं हे १३० अमिनो आम्लांचं बारकं प्रोटीन (उंदराचं १३०, माणसाचं १२९). नाव पडलं मिनके, म्हणजे सगळ्यात लहान पोटॅशियम चॅनेल. लोक चक्रावले, पेशीची भिंत एकदाच ओलांडणारा एवढासा धागा भोक कसं पाडेल? आठ वर्षं वाद. १९९६ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं की हा चॅनेल नाहीच, केसीएनक्यू१ चा जोडीदार आहे, आणि दोघं मिळून हृदयातला तो सावकाश प्रवाह बनतो. मग बेडकाच्या अंड्यात एकट्याने कसं काम केलं? तर अंड्यात दार आधीपासूनच होतं, बेडकाचं स्वतःचं! पाहुणा येऊन चावी फिरवत होता आणि सगळे समजत होते पाणी त्याच्याच खिशातून येतंय. परीक्षेत हे लिहू नकोस, मार्क मिळायचे नाहीत.

अशी पाच भावंडं आहेत, केसीएनई१ ते ५. दुसरा पहिल्याच्या शेजारीच एकविसाव्या गुणसूत्रावर राहतो, पाचवा एक्स वर.

प्रश्न : पोटॅशियम कमी पडल्याने हृदय बंद पडतं असं मोबाईलवर आलंय, मी नवऱ्याला रोज सहा केळी देते, बरोबर आहे का? त्यांना शुगर आहे आणि मागच्या वर्षी किडनीचं काहीतरी निघालं होतं.

उत्तर : ताई, आज संध्याकाळची केळी थांबवा आणि उद्या त्यांचं क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम तपासून घ्या. किडनी कमजोर असली की पोटॅशियम बाहेर पडत नाही, साठतं, आणि साठलेलं पोटॅशियमही हृदय बंद पाडतं. कमी झालं तरी वाईट, खरंय, जुलाब-उलट्या झाल्या, लघवी होण्याच्या गोळ्या चालू असल्या, किंवा आपल्याकडचं ४३-४४ चं ऊन आणि अंगातलं पाणी गेलेलं, अशा वेळी ते घसरतं आणि क्यूटी लांबतो. म्हणून वरच्या पत्रातल्या पोरीला जुलाब झाले तर लगेच ओआरएस आणि दवाखाना. पण ज्यांचा जीनच बिघडलाय त्यांचं दार केळ्याने दुरुस्त होत नाही, आणि ज्यांचं दार चांगलंय त्यांना डझनाने केळी लागत नाहीत. शुगरला सहा केळी, तुम्ही पण कमाल करता.

ता. क. टॉवेल कारखान्यातल्या मामांना : रिपोर्टच्या फोटोत भाचीचं पूर्ण नाव आणि मोबाईल नंबर दिसत होता, मी फोटो डिलीट केलाय. पुढच्या वेळी तुमचा आणि त्या मुलीचा रिपोर्ट पाठवाल तेव्हा वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवून फोटो काढा.